पिकअपचं अ‍ॅव्हरेज हळूहळू का पडतं? आधी ओझं बघा, मग आख, मग पोट

बेळगावच्या मार्केट यार्डात पहाटे गाड्या लागल्या की चहाच्या टपरीवर हल्ली एकच विषय निघतो. "हे इथेनॉल आल्यापासून गाडी अ‍ॅव्हरेज देईना झालीया." बोलणाऱ्याची गाडी बघावी तर डिझेलची पिकअप. त्याच्या डिझेलमध्ये इथेनॉल नाही, पण अ‍ॅव्हरेज पडलंय हे खरं आहे. दुखणं खरं असताना दोष भलत्यालाच दिला की खरं कारण गाडीत तसंच राहतं आणि दर महिन्याला पैसे नेतं.

आमच्या घरीही हेच झालं. आमची पिकअप २०१८ ची, म्हणजे बीएस-४, धुराच्या आधीच्या नियमांतली. माझा चुलतभाऊ ती चालवतो, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. बेळगावच्या पश्चिम भागातली भाजी, हंगामात रताळी आणि बटाटा भरून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि गोव्यातल्या बाजारात माल टाकायचा. जाऊन-येऊन साधारण २२० किलोमीटर होतात. ही गाडी लिटरला साडेतेरा किलोमीटर द्यायची. दीड वर्षात ती अकरावर आली.

ऐकायला अडीच किलोमीटरचा फरक किरकोळ वाटतो. तो उलटा करून बघा. साडेतेराच्या हिशेबाने १०० किलोमीटरला ७.४ लिटर डिझेल लागतं, अकराच्या हिशेबाने ९.१ लिटर. महिन्याला ३,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला ५० लिटरच्या वर जादा डिझेल झालं. लिटरला नव्वद रुपये धरले तर साडेचार हजार रुपये. भाजीच्या भाड्यावर घर चालवणाऱ्याला ही रक्कम लहान नाही. आणि घट सावकाश होते म्हणून ती कळायलाच वर्ष जातं. या महिन्यात १३.२, पुढच्या महिन्यात १३, मग पाऊस, मग रस्ता खराब, मग हंगाम. प्रत्येक वेळी काहीतरी कारण हाताशी असतंच.

इथेनॉलचा डिझेलशी संबंध काय?

इथेनॉल मिसळतात ते पेट्रोलमध्ये. २०२५ मध्ये देशभरातल्या पेट्रोलमध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचलं, त्यालाच ई२० म्हणतात. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश एवढीच ऊर्जा असते. म्हणून २० टक्के मिसळलं की लिटरमागची ऊर्जा ६-७ टक्क्यांनी उतरते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के घट धरली होती आणि ई२० साठीच जुळवलेल्या गाड्यांसाठी १ ते २ टक्के. तेव्हा पेट्रोलच्या गाडीवाल्याची तक्रार निराधार नाही.

आपला भाग उसाचा, चारी बाजूंना साखर कारखाने, त्यामुळे इथेनॉल हा शब्द इथे घरोघर पोचलाय आणि सगळ्या गाड्यांच्या दुखण्याला तेच नाव मिळतंय. डिझेलच्या पिकअपला ते लागू नाही. शिवाय इंधन बदललं असतं तर घट एका पायरीसारखी आली असती, एकदा पडून तिथेच थांबली असती. साडेतेराचे अकरा म्हणजे जवळपास १९ टक्के घट, तीही दीड वर्ष सावकाश. तिचं कारण गाडीत किंवा गाडीच्या वापरात हुडकावं लागतं.

आधी माप बरोबर आहे का?

धान्य कमी भरलं म्हणून ओरडण्याआधी पायली बघायची असते. अ‍ॅव्हरेज काढायची भरवशाची रीत एकच, टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल. टाकी भरायची, पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबायचं, किलोमीटरचा आकडा लिहायचा. पुन्हा भरताना शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीवर, तशीच पहिल्या थांब्याला भरायची. मधले किलोमीटर भागिले आता भरलेलं डिझेल. डिझेलला फेस येतो, त्यामुळे एका वेळचा आकडा दीड-दोन लिटरने चुकू शकतो. तीन-चार टाक्यांचा एकत्र हिशेब केला की ही चूक विरघळते.

सीमाभागात यात एक वेगळीच गुंतागुंत आहे. कर्नाटकात जून २०२४ मध्ये डिझेल तीन रुपयांच्या आसपास वाढलं, एप्रिल २०२५ मध्ये आणखी दोन रुपयांनी. तेव्हापासून दादाने गोव्याकडच्या पंपावर जमेल तेवढं भरायला सुरुवात केली. कधी हजाराचं, कधी दीड हजाराचं. निपाणीकडचे गाडीवाले असंच हद्दीच्या अलीकडे-पलीकडे बघून भरतात. पैसे वाचतात, पण टाकी कधीच फुल्ल होत नाही आणि अ‍ॅव्हरेज निव्वळ अंदाजाचं उरतं. आम्ही पहिला महिना काहीही न खोलता फक्त वही लिहिली. तारीख, पंप, लिटर, किलोमीटर, आणि शेवटच्या रकान्यात जाताना काय भरलं, येताना काय भरलं. पुढचं सगळं निदान त्या शेवटच्या रकान्याने केलं.

किलोमीटरचा काटाही चुकू शकतो. तो रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. टायर झिजला की चाक लहान होतं, तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे पडतात आणि काटा जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे झिजलेल्या टायरवर अ‍ॅव्हरेज खोटं चांगलं दिसतं. नवे टायर घातल्या दिवशी तोच खोटेपणा निघून जातो आणि मालकाला वाटतं गाडी बिघडली. पिकअपच्या टायरला नवं आणि झिजलेलं यात व्यासाचा फरक साधारण पावणेदोन टक्के पडतो. कुणी हौसेने रुंद टायर घातले, समजा २१५/७५ च्या जागी २३५/७५, तर चाक चार टक्क्यांहून जास्त मोठं होतं आणि काटा तेवढा मागे राहतो. आमचे टायर आदल्या वर्षीच नवे घातले होते. महामार्गावर २० किलोमीटरचा सरळ टप्पा धरून मोबाईलच्या नकाशाशी काटा ताडून बघा, शंका राहत नाही.

बैल जास्त का खातोय?

आमच्या आज्ज्याच्या काळी घरी बैलगाडी होती. बैलाला पेंड जास्त लागायला लागली की तो तीन गोष्टी बघायचा. ओझं वाढलंय का? गाडीचा आख कोरडा पडलाय का? की बैलाचं पोट बिघडलंय आणि खाल्लेलं अंगी लागत नाही?

पिकअपलाही हे तीनच प्रश्न विचारायचे आहेत. गाडीकडून जास्त काम घेतलं जातंय का, हे ओझं. गाडी चालताना स्वतःलाच अडवतेय का, म्हणजे टायर, ब्रेक, बेअरिंग, हा आख. आणि इंजिनात डिझेल नीट जळतंय का, हे पोट. आपल्याकडे बहुतेक जण थेट पोटापासून सुरुवात करतात, कारण गॅरेजमध्ये तेच खोलता येतं आणि बिलही त्याचंच मोठं होतं. आम्हीही तेच केलं. एका गॅरेजने सांगितलं नोझल, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारी तोंडं, गेलेत, चारही काढून कामाला पाठवले, बरेच पैसे गेले, अ‍ॅव्हरेज जागचं हललं नाही. त्या पैशाची हळहळ मला अजून आहे, कारण त्याआधीचे दोन प्रश्न विचारायला जवळजवळ काहीच खर्च नव्हता.

ओझं: घाट फुकटात चढत नाही

एक लिटर डिझेलमध्ये साधारण ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. आकडा लक्षात नाही ठेवला तरी चालेल. एवढंच ठेवा की तिच्यातली जेमतेम एक-तृतीयांश चाकापर्यंत पोचते, बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता होऊन जाते. म्हणजे कामाला येतात १२.

बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच आहे. गोव्याच्या बाजारातून परत येताना गाडीला ही सगळी उंची चढायची असते. मोकळी पिकअप सतराशे किलोच्या आसपास धरली तर नुसतं तेवढं वजन वर उचलायला एक लिटर डिझेल लागतं. हौद्यात आणखी एक टन असेल तर त्या टनाला उचलायला वेगळं ०.६ लिटर. हे फक्त उचलण्याचं झालं. तोच टन ११० किलोमीटर टायरवर लोळवत आणायलाही शक्ती लागते, कारण टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो आणि फुलतो, आणि वजन वाढलं की जास्त दबतो. त्याचं आणखी पाऊण ते एक लिटर. बेरीज दीड लिटरच्या आसपास.

आता वहीतला शेवटचा रकाना. पूर्वी दादा गोव्याला भरून जायचा आणि मोकळा परत यायचा. म्हणजे माल उतारावरून खाली जायचा आणि चढाला गाडी हलकी असायची. भाजीच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज चांगलं असायचं ते यामुळेच. गेल्या वर्षापासून त्याला परतीचा माल मिळायला लागला. कधी नारळ, कधी मासळीचे खोके, कधी घरसामान. परतीचं भाडं मिळतंय याचा घरात आनंद होता, पण त्याचा आणि अ‍ॅव्हरेजचा संबंध कुणी जोडला नाही. २२० किलोमीटरला पूर्वी १६.३ लिटर लागायचं, त्यात दीड लिटर घाला आणि भागून बघा, १२.४ येतं. साडेतेरावरून १२.४ पर्यंतची घसरण हा बिघाडच नव्हता. गाडी जास्त काम करत होती आणि त्याचे पैसे आणत होती.

वेगाचंही असंच आहे. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ६० च्या जागी ८० ने गेलात तर वेग एक-तृतीयांशाने वाढतो, पण हवेचा अडथळा पावणेदोन पटीहून जास्त होतो. निपाणी-संकेश्वर-बेळगाव महामार्गावर रस्ता मोकळा मिळतो आणि पाय आपोआप दाबला जातो. हौद्यावर उंच जाळी बांधून घेतली असेल, वर ताडपत्री फडफडत असेल, तर गाडी हवेत भिंत घेऊन पळते असं समजा. जाळी लागते तेव्हाच चढवावी आणि ताडपत्री ताणून बांधावी. उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवण्याचाही हिशेब आहे. पिकअपएवढं डिझेल इंजिन नुसतं गुरगुरत ठेवलं तरी तासाला अर्धा-पाऊण लिटर जातं. यार्डात नंबर लागेपर्यंत रोज तासभर इंजिन चालू राहत असेल तर महिन्याचे पंधरा-वीस लिटर तिथेच संपले.

आख: गाडी स्वतःशीच झगडते तेव्हा

टायरमधली हवा बघायची ती सकाळी, गाडी थंड असताना. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर मोकळ्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे दिलेले असतात, विशेषतः मागच्या चाकांचे. बोटाने दाबून किंवा लाथ मारून हवा कळत नाही. चारही चाकांत दहा-दहा पौंड कमी असेल तर दोनेक टक्के अ‍ॅव्हरेज जातं, आणि टायर कडेने झिजतो तो तोटा वेगळा.

ब्रेकचं दुखणं मात्र आपल्या भागात खास बघायला हवं. जांबोटी-कणकुंबीचा पाऊस, तांबडा चिखल, आणि घाट उतरताना तापणारे ब्रेक. पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा चिमटा, म्हणजे कॅलिपर, ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकतात. पाय काढला तरी पॅड पूर्ण सुटत नाही, डिस्कला चाटत राहतो. गाडी चालवताना हे जाणवत नाही, कारण इंजिनाला ताकद भरपूर असते. ते जाणवतं डिझेलच्या बिलात.

याची परीक्षा फुकट होते. सपाट रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर जा, ब्रेक शक्य तितका कमी वापरा, शेवटी गाडी आपसूक मंद होऊ द्या आणि थांबा. मग प्रत्येक चाकाच्या मधल्या भागावर चार थेंब पाणी टाका. हात लावू नका, भाजेल. एखाद्याच चाकावर चुर्र आवाज आला की तेच चाक खोलायचं. आमच्या गाडीचं पुढचं उजवं निघालं. मिस्त्रीने पिना काढून घासल्या, ग्रीस लावलं, रबर नवे घातले. खर्च नोझलच्या बिलापुढे नगण्य होता.

हँडब्रेकची केबल ताणलेली राहणं, चाकाचं बेअरिंग घूं घूं करणं, अलाइनमेंट बिघडून टायरवर एका बाजूला करवतीसारखे दाते उठणं, ही याच कुळातली दुखणी. मोकळी गाडी सपाट जागी न्यूट्रल करून दोघांनी ढकलून बघा. पूर्वीपेक्षा जड लागत असेल तर आखातच काहीतरी आहे.

पोट: तापलेला तवा, धडधाकट फुंकणी

आता इंजिन. इथे मी एका कारणावर जास्त वेळ थांबणार आहे, कारण ते आपल्याकडे हाताने तयार केलं जातं.

थर्मोस्टॅट म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेवरचं आपोआप उघडणारं दार. इंजिन थंड असताना ते बंद राहतं, पाणी रेडिएटरकडे जात नाही आणि इंजिन लवकर तापतं. पाणी ८० अंशांच्या पुढे गेलं की दार उघडतं. एखाद्या उन्हाळ्यात घाट चढताना गाडी गरम झाली की काही गॅरेजमध्ये सरळ हे दार काढून टाकतात. "व्हॉल्व्ह काढलाय, आता गरम व्हायची नाही." खरंच होत नाही, आणि अडचण तीच आहे. तवा तापल्याशिवाय पहिली भाकरी नीट भाजत नाही. दार काढलेलं इंजिन दिवसभर पहिल्याच भाकरीवर असतं. थंड इंजिनात ऑईल दाट राहतं, डिझेल पूर्ण जळत नाही, आणि डिझेल सोडणाऱ्या गाडीतल्या संगणकाला वाटतं इंजिन अजून गरम व्हायचंय, म्हणून तो जास्त डिझेल सोडतो.

ओळखायचं कसं? तापमानाचा काटा बघा. दहा-बारा किलोमीटरनंतर तो आपल्या ठरलेल्या जागी येऊन स्थिर व्हायला हवा. डिसेंबरातल्या बेळगावच्या थंडीत तो खालीच लोळत असेल किंवा घाट उतरताना झपकन खाली येत असेल, तर दार उघडं अडकलंय किंवा जागेवरच नाही. आमच्या गाडीत ते नव्हतंच. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी काढलं होतं आणि घरात कुणाला सांगितलंही नव्हतं. गाडी गरम का होत होती, रेडिएटर तुंबला होता की पंखा नीट फिरत नव्हता, हे कुणी बघितलंच नाही.

पंख्याचंही याच संदर्भात सांगतो. बऱ्याच पिकअपमध्ये पंख्याच्या मध्ये एक क्लच असतो, तो गरज असेल तेव्हाच पंख्याला पूर्ण वेगाने फिरवतो. तो कायमचा जखडला की गती वाढवताना गाडी वाऱ्यासारखी घोंघावते आणि इंजिनाची बरीच शक्ती पंख्यातच जाते.

टर्बो म्हणजे चुलीची फुंकणी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुराच्या जोरावर ती फिरते आणि इंजिनात जास्त हवा कोंबते. फुंकणीला चीर पडली तर चूल धुमसते. टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाईप काही वर्षांनी क्लिपपाशी फाटतात. चढाला दम कमी, शीळ घातल्यासारखा आवाज, मागे काळा धूर, आणि पाईपच्या जोडावर तेलकट डाग, या खुणा. एअर फिल्टरवरही नजर हवी, कारण ऊस वाहतुकीच्या दिवसांत आणि खानापूरकडच्या वीटभट्ट्यांच्या रस्त्यांवर तो पुस्तकात लिहिलेल्या मुदतीआधीच भरतो. क्लच सुटतोय का ते घाटातच कळतं. इंजिनाचा आवाज चढतो आणि गाडीचा वेग चढत नाही.

नोझल शेवटी. त्यांचं काम अंगणात सडा घालण्यासारखं, बारीक आणि सगळीकडे सारखा. झिजलेला नोझल सड्याऐवजी धार सोडतो, आणि धारेचं डिझेल पूर्ण जळत नाही. पण शंका आली म्हणून चारही काढायची गरज नसते. चारही नोझलमधून टाकीकडे परत जाणाऱ्या नळ्या चार बाटल्यांत सोडून इंजिन थोडा वेळ चालू ठेवतात. चारही बाटल्या साधारण सारख्या भरल्या तर ठीक, एक फार जास्त भरली तर तो नोझल आतून गळतोय. जाणत्या मिस्त्रीला ही चाचणी माहीत असते. पैसे देण्याआधी ती करा म्हणून आग्रह धरा.

ज्यांच्या गाड्या १ एप्रिल २०२० नंतरच्या, म्हणजे बीएस-६ आहेत, त्यांच्यासाठी एक मुद्दा जादा आहे. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते, तिला डीपीएफ म्हणतात. ती भरली की गाडी जादा डिझेल वापरून सायलेन्सर तापवते आणि काजळी जाळून टाकते. लांबच्या पल्ल्यावर हे काम सहज होतं. गावातून यार्ड, यार्डातून दुकान अशा तीन-चार किलोमीटरच्या फेऱ्यांत ते अर्धवट तुटतं, पुन्हा सुरू होतं, आणि प्रत्येक वेळी डिझेल जातं. ऑईल मापायच्या कांडीवर ते भरल्यापेक्षा वर चढलेलं दिसलं तर न जळलेलं डिझेल ऑईलमध्ये उतरतंय, लगेच दाखवा. जाळी कापून काढण्याचा सल्ला मिळेल. ते कायद्यात बसत नाही, आणि ती काजळी मग आपल्याच गल्लीतली पोरं श्वासातून घेतात.

"स्कॅनर लावला होता, कोड आला नाही"

स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाला जोडून बिघाडाचे कोड वाचायचं यंत्र. तो फक्त ज्या गोष्टींवर सेन्सर आहे त्यांच्याबद्दल बोलतो, तेही आकडा हद्दीबाहेर गेल्यावर. अडकलेला ब्रेक, कमी हवा, फडफडणारी ताडपत्री, परतीचा एक टन माल, यांपैकी कशावरही आमच्या गाडीत सेन्सर नाही. स्कॅनर लावलाच तर कोड बघून थांबू नका, गाडी चालवताना पाण्याचं तापमान किती दाखवतोय ते वाचून घ्या.

"पंपावरच माप मारतात"

शंका असेल तर तिथल्या तिथे फेडता येते. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावं लागतं आणि ग्राहकाने मागितलं तर त्यात मोजून दाखवावं लागतं. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंतचा फरक चालतो. आणि वही असेल तर पंपाची गडबड आपोआप उघडी पडते, कारण ठरावीक पंपावर भरलेल्या टाकीलाच अ‍ॅव्हरेज पडलेलं दिसेल. सगळ्या पंपांवर सारखंच पडत असेल तर गाडीकडे वळा.

"गाडी जुनी झाली, एवढं चालायचंच"

इंजिन आतून झिजलं की ते इतर खुणाही देतं. निळसर धूर येतो, ऑईल वरचेवर घालावं लागतं, सकाळी चालू व्हायला वेळ घेतं. यातलं काही नसताना पाचवा हिस्सा अ‍ॅव्हरेज वयामुळे गेलं म्हणणं मला पटत नाही. टाकीत घालायच्या बाटलीबद्दलही हेच. कोणतंही औषध कॅलिपरची पिन सोडवत नाही.

"घाटात न्यूट्रल केलं की डिझेल वाचतं"

हे ऐकलं की मला भीती वाटते. आजच्या, संगणकाने डिझेल सोडणाऱ्या (कॉमन रेल) गाड्यांत गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की संगणक डिझेल पूर्ण बंद करतो, कारण इंजिनाला चाकंच फिरवत असतात. न्यूट्रल केलंत की इंजिन बंद पडू नये म्हणून त्याला डिझेल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये डिझेल जास्त जातं, आणि भरलेल्या गाडीचं सगळं वजन एकट्या ब्रेकवर येतं. इंजिनच बंद केलं तर ब्रेकची मदत आणि स्टिअरिंगचा हलकेपणाही जातो. चोर्ल्याच्या वळणांवर, पावसात, टनभर माल घेऊन हे करणाऱ्याच्या घरी कुणीतरी वाट बघत असतं. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा.

आमच्या गाडीचा हिशेब

आम्ही एका वेळी एकच गोष्ट बदलली आणि प्रत्येक बदलानंतर दोन-तीन टाक्या मोजल्या. सगळं एकदम केलं असतं तर कशाने फरक पडला ते कळलं नसतं. हवा नीट केल्यावर आकडा ११.२ झाला. कॅलिपर सोडवल्यावर ११.६. रेडिएटर धुऊन नवा थर्मोस्टॅट बसवल्यावर १२.१. परतीच्या मालाचा हिशेब आम्ही १२.४ काढला होता, उरलेला फरक नव्या टायरमुळे काट्यात पडतो तेवढाच आहे. मागच्या आठवड्यात परतीला माल मिळाला नाही. दादा मोकळाच घाट चढून आला, दुसऱ्या दिवशी त्याच पंपावर टाकी भरली आणि वहीत लिहिलं, १३.२.